वारं बसेपर्यंत

आमच्या घरापासून महाविद्यालयापर्यंत जाण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. एक रस्त्याचा, धरणाच्या पाण्याला मोठा वळसा घालून, दोन एस.टी. बदलत जाणारा, दुसरा पाण्याचा, नावेने अर्ध्या तासाचा. आम्ही दोघे नवराबायको एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि त्या काळात एकाच नावेतून जात-येत असू. घर करमाळा तालुक्याच्या काठावर, महाविद्यालय इंदापूरच्या बाजूला. मध्ये भीमा. पण तिला भीमा म्हणण्याची पद्धत आमच्याकडे उरलेली नाही. लोक 'धरणाचं पाणी' म्हणतात, नाहीतर नुसते 'उजनी'. सरकारी कागदावर तिचे नाव यशवंतसागर. नदीचा सागर झाला की तिच्या सवयी बदलतात, हे आम्हांला फार उशिरा कळले. ज्यांना आधीपासून ठाऊक होते त्यांचे आम्ही ऐकले नाही. त्याचीच ही हकीकत आहे.

उजनीचे धरण माढा तालुक्यात आहे आणि ते १९८० साली पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी 'मृतसाठा' या सदरात मोडते. म्हणजे असे की, धरण शून्य टक्क्यांवर आले असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा धरणात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असते. त्याखाली पातळी उतरली की बातमी येते, उजनी वजा दहा, वजा तीस, वजा पन्नास. सोलापूर जिल्ह्यातला माणूस उन्हाळ्यात एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करण्याआधी हा आकडा विचारतो. उसाचे काय होणार, सोलापूर शहराला पाणी कधी सुटणार, हे सगळे त्या आकड्यावरून ठरते. मात्र नाव चालवणाऱ्याला त्या आकड्यातून काहीही कळत नाही. वजा पन्नास म्हणजे त्याच्या नावेखाली नेमके काय आले, हे कोणत्याही टक्केवारीत लिहिलेले नसते.

त्याच्या नावेखाली आलेले असते जुने गाव. पाणी उतरू लागले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे दर काही वर्षांनी छापून येतात; पुण्याची मंडळी गाड्या काढून बघायला येतात. पण मंदिर दिसते ते सगळ्यांत निरुपद्रवी. जे अर्धे दिसते किंवा मुळीच दिसत नाही त्याची भीती. वाड्यांच्या दगडी भिंती, विहिरींचे कठडे, चिंचेचे आणि बाभळीचे बुडखे, जुन्या शेतांचे ताली-बांध. भरल्या धरणात या सगळ्यांवर पाच-सहा पुरुष पाणी असते आणि नाव निर्धास्त वरून जाते. उन्हाळ्यात तेच बांध वीतभर पाण्याखाली येऊन थांबतात. इंजिनाचा पंखा त्यावर आदळला की नाव जागच्या जागी लुळी होते.

आम्ही ज्यांच्या नावेने जात असू त्या नावाड्यांना सारे गाव नाना म्हणे, आम्हीही म्हणत असू. पूर्ण नाव येथे देत नाही. नानांचे बालपण त्या पाण्याखालच्या गावात गेलेले. त्यामुळे उन्हाळ्यात ते नाव चालवत ती गावातून फिरल्यासारखी. "हितं पाटलाचा वाडा, जरा डावीकडनं घेतो." "ही आमची तालीम." "हितं हीर हाय, तिचा कठडा लई वर आलाय औंदा." समोर नुसते सपाट, मातकट पाणी. त्यावर नानांचे सुकाणू मात्र गल्लीबोळांतून वळावे तसे वळे. आमच्यापैकी एकाला त्यात कवितेचा विषय दिसला आणि तशी एक कविता लिहिलीही गेली. ती फारशी चांगली नव्हती. असो.

नदी असताना, नाना सांगत, उन्हाळ्यात उतारावरून बैलगाडी पलीकडे जायची. पावसाळ्यात पूर आला की वाहतूक बंद, चार दिवस थांबायचे, बस्स. नदीचा धोका डोळ्यांना दिसतो. धार दिसते, भोवरा दिसतो, पाण्याचा रंग बदललेला दिसतो. आमच्यापैकी एकीचे माहेर सांगलीचे. तिथे तर या धोक्याला आकडा आहे. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. लहान मुलांनाही हे आकडे पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. नावेत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक होते. पाण्याचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता. नावेत किती माणसे बसवायची तो आकडा कोणी पाळला नाही, आणि तशा घटकेला पाळणे किती अवघड असते हे माहेरच्या माणसांकडून ऐकले आहे. घरात कमरेएवढे पाणी चढलेले असताना समोरची नाव सोडून दुसरीची वाट बघा, हे कुणाला सांगणार?

उजनीच्या उन्हाळी पाण्याला असा आकडाच नाही. तिथे धार नाही, भोवरा नाही, पूर तर नाहीच. कडक उन्हात पाणी आरशासारखे निपचित पडलेले असते. धोका असतो तो वाऱ्याचा, आणि वाऱ्याची मोजपट्टी कुठल्याही पुलाच्या खांबावर रंगवलेली नसते.

मे महिन्यातल्या दुपारी वळवाचे ढग चढतात. त्या ढगातला पाऊस खाली येता येता वाटेतल्या कोरड्या हवेत निम्मा विरून जातो, त्याने हवा एकदम गार होते, जड होते आणि खाली कोसळते. जमिनीला टेकली की ती चारी बाजूंना धावत सुटते. म्हणून पाऊस यायच्या आधी वारा येतो, आणि पुष्कळदा पाऊस येतच नाही, नुसता वाराच येऊन जातो. हवामान खात्याच्या अंदाजात ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा, असे एक वाक्य असते. ते इतक्या वेळा वाचलेले असते की त्यावरून डोळे घसरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, हे आम्हांला भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने नंतर समजावून सांगितले. वीस किलोमीटरच्या वाऱ्यात जी नाव डुलते ती चाळिसाच्या वाऱ्यात दुप्पट डुलत नाही, ती कलंडते. शिवाय नदीच्या अरुंद पात्रात लाटेला वाढायला जागा मिळत नाही. सागर झालेल्या नदीत वाऱ्याला कोस-दोन कोस मोकळी धाव मिळते आणि लाट उभी राहते. पाणी उथळ असेल तर ती अधिकच आखूड आणि खडी होते. समुद्रावरची माणसे ज्या लाटेला लाट म्हणणारही नाहीत, तेवढी लाट आमच्याकडच्या उघड्या, कमी काठाच्या नावेला पुरते.

आता २०१६ची गोष्ट.

त्या वर्षीचा दुष्काळ वाचकांना आठवत असेल. उजनी वजामध्ये खोल गेली होती. नावेचा धक्का पाण्यामागे सरकत सरकत अर्धा मैल आत गेला होता आणि भेगाळलेल्या गाळातून चालत तिथपर्यंत जावे लागे. मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. महाविद्यालयात पाच वाजता एक बैठक होती. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तर नाना नाव बांधून बाभळीच्या काठीला टेकून बसलेले.

"आज न्हाय सोडत, सर. वारं बसू द्या, मग बघू."

वारा नव्हताच. पान हलत नव्हते. आम्ही तसे म्हणालो. नाना पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यो काठ बघा की बाई. रोज कसा दिसतो अन् आज कसा दिसतो." आम्हांला तो रोजच्यासारखाच दिसला, थोडा धुरकट इतकेच. वरती पश्चिमेला ढग होता, पण लांब. "तासभर बसा सावलीला. च्या घ्या."

तासभर बसलो असतो तर बैठक चुकली असती. धक्क्यावर आणखी सात-आठ माणसे होती, एक कोंबड्यांची पाटी घेतलेली आजी होती, एक मोटारसायकलवाला होता. सगळे आमच्याकडे पाहत होते. शिकलेली माणसे काय म्हणतात ते बघावे, अशा अर्थाने. आणि आमच्यापैकी एकजण, कोण ते आम्ही आजवर एकमेकांना सांगितलेले नाही आणि येथेही सांगणार नाही, हसत म्हणाला की, "नाना, चाळीस वर्षे नाव चालवता आणि न आलेल्या वाऱ्याला भिता?"

लोक हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली आणि दुसरीकडे पाहू लागले. त्यांचा धाकटा मुलगा नावेतले पाणी उपसत होता. तो आमच्या बी.ए.च्या वर्गात होता. त्याने डबा खाली ठेवला, आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा उपसू लागला.

शेजारी एका तरुण पोराची नाव होती. तो म्हणाला, मी सोडतो, चला. आम्ही बसलो म्हणून बाकीचेही बसले. हे वाक्य आम्ही दोघांनी मनात पुष्कळदा उलटसुलट करून पाहिले आहे. त्याचा क्रम बदलत नाही.

निम्म्यावर गेल्यावर पलीकडचा काठ नाहीसा झाला. आधी झाडी गेली, मग मंदिराचा कळस गेला, आणि त्या जागी एक तांबूस भिंत उभी राहिली. ती धूळ होती. नानांनी बोट दाखवले होते ते हेच असावे, पण तेव्हा ती भिंत नव्हती, नुसती सुरुवात होती. पाण्यावर आधी काळी सुरकुती आली, मग गार झोत तोंडावर बसला. पोराने नावेचे तोंड वाऱ्याकडे वळवले. ते बरोबरच होते, लाट समोरून घेतली तर नाव ती चढते. पण तोंड वळवता वळवता पंखा कोणाच्या तरी मासेमारीच्या जाळ्यात गुंतला आणि इंजिन बंद पडले. इंजिन गेले की नाव वाऱ्याला आडवी होते. तिला दुसरा स्वभावच नसतो. लाट काठावरून आत आली. सगळे एकदम दुसऱ्या बाजूला सरकले. पोरगा ओरडला, "खाली बसा, बुडाला बसा, कुणी उठू नका!" त्याच्या आवाजात तोवर सगळा नानांचा सूर आला होता. आजीने पाटी पायांत धरली. आम्ही जेवणाच्या डब्याने पाणी उपसू लागलो. लाईफ जॅकेट एकही नव्हते. नाव सोडण्यापूर्वी ते विचारावे असे आम्हांला सुचलेही नव्हते.

आम्ही वाचलो ते पाणी कमी होते म्हणून. वाऱ्याने नाव ढकलत नेली आणि एका भिंतीवर नेऊन टेकवली. उन्हाळ्यात धोका म्हणून जिला टाळायचे तीच ती भिंत. एका बाजूने नाव फुटली, पण उलटली नाही. भिंतीच्या आडोशाला छातीएवढे पाणी होते. तिथे एकमेकांना धरून आम्ही उभे राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. आजी सारखी पाटीतल्या कोंबड्या मोजत होती.

मग वारा बसला. अगदी कोणी दार लावावे तसा. पाऊस आलाच नाही. आणि मातकट पाण्यावरून नानांची नाव गल्लीबोळांतून वळत येताना दिसली. त्यांनी एकेकाला हात देऊन आत घेतले. बोलले काहीच नाहीत. "पाटलाचा वाडा," एवढेच, भिंतीकडे पाहून, स्वतःशी. पलीकडे उतरल्यावर आम्ही ओल्या पाकिटातून पैसे काढले. नेहमीचे दहा-दहा रुपये त्यांनी मोजून घेतले. ते घेतले नसते तर आम्हांला बरे वाटले असते, हे कबूल केले पाहिजे. बैठक आमच्याविना झाली होती.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. अभ्यासक्रमात संतकवितेचा भाग होता आणि त्यात नाव, नावाडी, भवसिंधू, पैलतीर ही नेहमीची प्रतिमासृष्टी. आम्ही वर्षानुवर्षे जे सांगत आलो तेच सांगितले: जीव म्हणजे नाव, संसार म्हणजे सागर, विठ्ठल हा पार नेणारा. पंढरपूरची चंद्रभागा ती हीच भीमा, हेही दरवर्षीप्रमाणे सांगितले. तेवढ्याने वर्ग जरा जागा होतो. मागच्या बाकावरून नानांचा मुलगा उठला. तो वर्गात क्वचितच बोले.

"सर, ह्यातला नावाडी कधी 'आज नको' म्हणतो का?"

वर्गाला त्यात विनोद वाटला. आम्ही शिकवत होतो त्या अभंगांत तरी तसा नावाडी नव्हता. तिथला नावाडी हाकेसरशी येतो, उतराई मागत नाही आणि वाऱ्याकडे पाहत नाही. असा देवच असू शकतो, असे काहीसे उत्तर दिले गेले. उत्तर वाईट नव्हते. तो "बरं" म्हणून खाली बसला. परंतु त्या दिवसापासून ही प्रतिमा वर्गात आली की आम्ही दोघेही थोडे अडखळतो. भक्ताला नावाड्यावर श्रद्धा ठेवायला सांगणारे ते शब्द आम्ही तोंडपाठ म्हणत होतो, आणि प्रत्यक्षातला नावाडी एक गोष्ट सांगत होता तेव्हा मात्र आम्हांला त्याच्यापेक्षा जास्त कळत होते. नाव हाकणे पोरालाही येत होते. न हाकणे फक्त नानांना येत होते.

त्यानंतर वर्षभराच्या आत, २०१७ साली, अजोतीजवळ डॉक्टर मंडळींची सहलीची नाव याच पाण्यात उलटली आणि चौघे बुडाले. आम्ही तोवर नावेने जाणे कमी केले होते. पुढे पलीकडच्या काठालाच भाड्याने घर घेतले. नानांशी संबंध सणावारापुरता उरला. त्यांचा मुलगा पदवी घेऊन चाकणला नोकरीला लागला.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी त्याचा फोन आला. सात-आठ वर्षांत पहिलाच. "सर, मॅडम, तुम्ही घरीच हायसा ना?" आम्ही हो म्हणालो. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. बातमी आम्हांला त्यानंतर कळली. कुगावहून कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, सहाजण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. पुढचे दोन दिवस शोध चालला. उजनी तेव्हाही वजामध्ये होती आणि वर्तमानपत्रांनी तो आकडा त्याच पानावर छापला होता.

दोन्ही तालुक्यांतून पुलाची मागणी जुनीच आहे, आणि शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूरही झाला आहे. कायद्यांचा तोटा आहे असेही नाही. तरींसाठी मुंबई इलाख्याचा कायदा १८६८चा, अंतर्देशीय नौकांचा १९१७चा आणि तो रद्द करून आणलेला नवा २०२१चा. नोंदणी, क्षमता, जीवरक्षक साधने, सारे त्यात आहे. धक्क्यावर दुपारी साडेतीन वाजता मात्र कायदा नसतो. एक नावाडी असतो, त्याचा रोजचा धंदा बुडत असतो, आणि समोर घाई असलेली दहा माणसे असतात. त्याने नाही म्हटले तर शेजारी दुसरी नाव उभी असते. त्या नाही म्हणण्याची भरपाई कोणी त्याला देत नाही, उलट आमच्यासारखे कोणीतरी हसतात.

जूनमध्ये आम्ही नानांना भेटायला गेलो. त्यांना आता कमी दिसते. नाव विकलेली. ओट्यावर बसले होते, समोर लांबवर पाण्याची रेघ. त्या संध्याकाळी वारा सुटण्याआधी आपल्याला कळले होते, असे ते म्हणाले. दिसले नाही, पण गुरे दावणीला ओढ देऊ लागली. "कुणाला सांगायचं? हितनं आवाज जातूय व्हय तिकडं?"

चहा आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले, मुलाचे लग्न, उसाचा भाव. मग एकाएकी त्यांनी आमच्याकडे मान वळवली. आठ वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता.

"तवा तुमी का गेलाव, बाई? इतकी कसली घाई हुती?"

"बैठक होती, नाना."

"कशाची?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही आठवत नव्हते.